नको असलेली मंडळी

संशय हा सार्वजनिक जीवनाचा पाया आहे. घर एक वेळ विश्वासावर चालेल, पण संस्था चालते ती संशयावरच, असं हेमचंद्र परतूरकरांचं पूर्ण विचारांती झालेलं मत होतं. या पायावर उभी करायला त्यांच्या वाट्याला आलेली संस्था म्हणजे देवळाईतली 'निर्झर' गृहनिर्माण सोसायटी. तीन मजले, एक टाकी, आणि लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत अध्यक्षांची बंद पडलेली स्कूटर.

बिल्डरने 'निर्झर' हे नाव ठेवलं तेव्हा बोअरला पाणी होतं. पुढे संभाजीनगर शहर बीड बायपास ओलांडून इकडे आलं, महापालिकेची पाइपलाइन मात्र बायपासच्या पलीकडेच राहिली. त्यात पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. बोअर आटला, जायकवाडीचा साठा रोज सकाळी पेपरात टक्क्यांमध्ये छापून येऊ लागला आणि 'निर्झर' एक दिवसाआड येणाऱ्या टँकरवर जगू लागली. टँकर आवारात जमिनीवर बांधलेल्या सिमेंटच्या टाकीत रिता व्हायचा आणि तिथून पाणी मोटारीने गच्चीवर चढायचं. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली सचिव या नात्याने हेमचंद्रांच्या जानव्याला होती.

हेमचंद्र एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक होते आणि दरवर्षी बारावीच्या परीक्षेला भरारी पथकात जात. वर्षानुवर्षं पोरांचे मोजे उलटे करून पाहिल्यामुळे माणूस सरळ दिसला की त्यांना अस्वस्थ वाटे. दुष्काळात त्यांनी सोसायटीला नियम घालून दिला होता: पाणी माणशी मिळेल, आणि पाहुणा राहायला आला तर सचिवांना कळवावं लागेल. लोक कळवत नसत. म्हणून हेमचंद्र सकाळी जिना चढून प्रत्येक दारापुढच्या चपला पाहून येत. माणूस खोटं बोलतो, चपला बोलत नाहीत.

फाल्गुनात तिसऱ्या मजल्यावर खंडेराव शिंगाड्यांच्या दारापुढे एक जाड तळव्यांचा, माळरान तुडवून झिजलेला वहाणांचा जोड आणि एक लहान रबरी चप्पल उगवली. खंडेराव वाळूजला कंपनीत होता, बायको शिक्षिका होती. दोघांच्याही पायात बसणारा हा ऐवज नव्हता. हेमचंद्रांनी बेल वाजवली.

"कोण आलंय?"

"आईवडील आलेत सर. सोयगावकडून. कळवणारच होतो तुम्हाला."

"किती दिवस?"

"पाऊस पडस्तोवर."

हेमचंद्रांनी जिन्याच्या जाळीतून आकाश पाहिलं. ही मुदत त्यांना संदिग्ध वाटली.

"गावात हापशाला नुसती हवा येते सर," खंडेराव म्हणाला. "मेंढरं घेऊन चुलतभाऊ पाण्याच्या मुलखात गेला. यांना आता एवढं चालवत नाय."

"म्हणजे तिकडे पाणी नाही म्हणून इकडे आले."

"व्हय."

"इकडेही पाणी नाही."

"सांगितलं मी. आई म्हणली, तुमच्याकडं टँकर तरी येतो."

हेमचंद्र खाली आले आणि त्यांनी टाकीत पट्टी घालून पाहिली. पाणी त्यांना कमी वाटलं. कालही वाटलं होतं, पण काल वहाणा नव्हत्या.

खंडेरावचे वडील कडूबा दिवसभर आवारातल्या कडुनिंबाखाली बसत. आयुष्य मेंढरांमागे उघड्यावर गेलेलं, त्यांना चार भिंतींत गुदमरल्यासारखं होई. निंबाखालून टाकी समोरच दिसायची, ही गोष्ट हेमचंद्रांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. ते झाकण उघडून पट्टी घालत आणि मान वळवून पाहत, तर म्हातारा टक लावून बघत असे.

"काय बघताय?" एकदा हेमचंद्रांनी विचारलंच.

"बसलोय."

"बसलाय ते दिसतंय. बघताय काय?"

"तुमी काय बगता?"

"पाणी."

"मंग आमी बी तेच."

हा माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, प्रश्नच परत करतो, असं हेमचंद्रांच्या ध्यानात आलं. कॉपी करणारी हुशार पोरं हेच करतात. त्यांनी कॅमेरा लावायचं ठरवलं.

कॅमेरा त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून आणला. इलेक्ट्रिशियनला बोलावलं नाही, कारण इलेक्ट्रिशियन चार घरी चहा पितो. महाविद्यालयाच्या वर्कशॉपमधून ड्रिल मशीन आणून, टाकी तळाला गेलेली आणि कडूबा जेवायला वर गेलेले अशी दुपार साधून, त्यांनी स्वतःच्या हाताने टाकीच्या भिंतीत चार भोकं पाडली, शेवटचं, खालच्या डाव्या कोपऱ्यातलं, जरा जास्तच जोर लावून, उंच लोखंडी अँगल कसला आणि त्यावर खाली झाकणाकडे तोंड करून कॅमेरा बसवला. वायर पत्नी भानुमतीबाईंनी टाकीलगत लावलेल्या मोगऱ्याआडून नेली आणि खिडकीतून आपल्या घरातल्या कॉम्प्युटरला जोडली. काम इतकं बेमालूम झालं की कडूबा जेवून आले आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत बसले.

कॅमेरा बसवल्यावर चोरी खरोखरच वाढली. आधी नुसती शंका होती, आता रात्रीतून टाकी रोज चार बोटं उतरू लागली. याचा अर्थ चोराला कॅमेऱ्याचं भय नाही, म्हणजे तो अडाणी आहे, असा निष्कर्ष हेमचंद्रांनी काढला. पण चोर संयमीही होता. पाणी अर्ध्याच्या जरा खाली आलं की तो थांबत असे, त्याखाली कधी हात घालत नसे. एवढ्या शिस्तीचा चोर त्यांनी भरारी पथकातही पाहिला नव्हता.

त्यांचा संशय घरातही फिरून आला. आवारातली सगळी झाडं वाळून खराटा झाली होती आणि मोगऱ्याला मात्र कळ्या धरल्या होत्या.

"तू मोगऱ्याला पाणी घालतेस?"

"भांडी विसळायला पुरत नाही," भानुमतीबाई म्हणाल्या, "मोगऱ्याला कुठून घालू?"

"मग तो फुलतो कसा?"

"त्याला विचारा. घरातली माणसं संपली असतील विचारून, तर."

हेमचंद्रांनी नोटीस लावली. येत्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा. विषय एकच: महिन्याहून अधिक राहिलेल्या पाहुण्यांना निरोप देण्याबाबत. खाली लहान अक्षरांत लिहिलं, 'सचिव पुरावा सादर करतील.' नोटीस वाचून खंडेराव दारात आला.

"सर, दोघंच आहेत. म्हातारी माणसं आहेत. माझ्या वाट्याचं पाणी कमी करा पाहिजे तर."

"प्रश्न पाण्याचा नाही, तत्त्वाचा आहे."

"कुठं पाठवू त्यांना? गावात टँकर आठवड्याला येतो, आन् तो बी वरच्या आळीपर्यंतच."

"पुरावा बोलेल," हेमचंद्र म्हणाले. पुरावा त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. पाहायला म्हणून कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर एक चौकट आली. डिस्क भरली आहे, जागा उरलेली नाही, रेकॉर्डिंग थांबवलं आहे.

या कॉम्प्युटरवर दिवाळीत त्यांच्या पुतण्याने, देवेशने, विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. देवेश पुण्याला नोकरीला होता. त्याने तेव्हा नीट विचारलं होतं, "काका, गरजेपुरतं टाकू का? तुम्हाला एवढं सगळं लागणार नाही."

"पैसे किती?"

"पैसे नाहीत. फुकट असतं हे."

"फुकट आहे तर अर्धवट कशाला? सगळं टाक."

देवेशने सगळं टाकलं होतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला कुणी 'गरजेपुरतं वाढ' म्हणत नाही, त्यातलाच हा प्रकार. पुढे हेमचंद्र हा संवाद विसरले. आता त्यांनी देवेशला फोन लावला.

"डिस्क भरली? म्हणजे जागा करावी लागेल काका," देवेश मीटिंगमधून उठून दबक्या आवाजात बोलत होता. "नको असलेली पॅकेजेस काढून टाका. पॅकेज म्हणजे एकेक प्रोग्राम, त्याच्या सामानासकट. मी यादी कशी उघडायची आणि कसं काढायचं ते लिहून पाठवतो. जे नको ते काढा."

'जे नको ते' हे शब्द देवेशने हेमचंद्र परतूरकरांना सांगायला नको होते.

यादी उघडली आणि संपेना. पडद्यावरून नावं वाहत होती, ओळीमागून ओळ. हेमचंद्र खुर्चीत मागे टेकले. आपल्या घरात, आपल्या विजेवर, आपल्या टेबलाखाली एवढी वस्ती राहत होती आणि एकानेही सचिवांना कळवलं नव्हतं.

भानुमतीबाई शेजारी ताटात गहू निवडत बसल्या होत्या. हेमचंद्रांनी सुनावणी सुरू केली.

"आकाशातले तारे दाखवणारा प्रोग्राम आहे. तू लावलास?"

"आपल्याला गच्ची आहे."

"काढला. हा बुद्धिबळ खेळतो."

"कुणाशी?"

"काढला. हा कोरियन भाषेत टाइप करतो. हा ग्रीकमध्ये. हा पियानोच्या नोटा लिहून देतो. आपल्याकडे कुणी पियानो वाजवतं का?"

"तुमची आत्या पेटी वाजवायची."

"ती गेली. हाही गेला. आता हा. नाव वाचून काही कळत नाही. तू याला ओळखतेस?"

"नाही."

"मीही नाही. मग हा कुणाकडे उतरलाय?"

भानुमतीबाईंनी ताट हलवलं. "मला खडा कसा दिसतो ते ठाऊक आहे, म्हणून मी निवडायला बसते."

हेमचंद्रांनी या बोलण्यातला रोख ओळखून दुर्लक्ष केलं. नियम ठरला होता. घरातल्या कुणाच्याही ओळखीचं नसेल, ते पाहुणं, आणि पाहुण्याला निरोप. दुपारपर्यंत ते एकामागून एक निरोप देत गेले. पडद्यावर जागा मोकळी झाल्याचा आकडा वाढू लागला, रेकॉर्डिंगही पुन्हा सुरू झालं, आणि त्यांना टँकर आल्यावर वाटायचं तसं वाटलं.

संध्याकाळी चौकट परत आली. डिस्क भरली आहे.

त्यांनी यादी पाहिली. काढलेले काढलेलेच होते. मग जागा खाल्ली कुणी? दुसऱ्या दिवशी आणखी काढले, सकाळी मोकळी केलेली जागा दिवेलागणीला पुन्हा गिळली गेली. त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावलं, तरी फरक नाही. पुण्याला फोन गेला.

"देवेश, तू तिकडून काही पाठवतोस का रे याच्यात?"

"मी? नाही काका."

"तुझ्या नकळत?"

"माझ्या नकळत मी काय पाठवणार?"

"तेच विचारतोय."

फोन ठेवल्यावर भानुमतीबाई म्हणाल्या, "ती टाकी भरली की आपोआप रिकामी होते. हे डबडं रिकामं केलं की आपोआप भरतं. दोघांची एकदा गाठ घालून द्या."

"दोन्ही विषय वेगळे आहेत," हेमचंद्र म्हणाले.

शनिवारी ते मुळावर घाव घालायला बसले. यादीत एक मोठंच कुळ होतं, ज्यांची सगळ्यांची नावं 'लिब' या अक्षरांनी सुरू होत. तारेवाला, बुद्धिबळवाला एकेकटे आले होते. हे मात्र एकाच आडनावाचे, एकाच गावचे, ओळीने ठाण मांडून बसलेले. यातलं कुणी काही काम करताना हेमचंद्रांनी कधी पाहिलं नव्हतं. एकाचंही चित्र पडद्यावर नव्हतं, एकही दाबून उघडत नव्हता. नुसते राहत होते.

त्यांनी त्यातल्या एकाला काढायचा हुकूम दिला. यंत्राने नम्रपणे कळवलं की याच्यावर पुढील मंडळी अवलंबून आहेत, हा गेला तर तीही जातील, आणि खाली नावांची रांग लावली.

"बघ," हेमचंद्र म्हणाले, "एकाला हात लावला तर अख्खं खानदान बाहेर पडतंय. एकमेकांच्या आधाराने राहत होते."

"मग राहू द्या की," भानुमतीबाई म्हणाल्या. "आपण दोघं कसे राहतो?"

हेमचंद्रांनी बटण दाबलं. तेव्हा एक अभूतपूर्व गोष्ट घडली. यंत्र अडलं. तुम्ही जे करू पाहताय ते घातक ठरू शकतं, असं म्हणून त्याने नुसत्या होकारावर समाधान न मानता एक संपूर्ण वाक्य टाइप करून मागितलं: 'होय, मी सांगतो तसंच कर!'

कार्यालयात, सोसायटीत, घरात हे वाक्य हेमचंद्रांच्या ओठांवर कित्येकदा येऊन परत गेलं होतं. आज प्रथमच कुणीतरी ते मागून घेत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि इंग्रजीतलं ते वाक्य एकेक अक्षर पाहून, शेवटच्या उद्गारचिन्हासकट टाइप केलं.

यंत्राने ते सांगतील तसंच केलं. पडद्यावरून आधी चित्रं गेली, मग घड्याळ गेलं, मग उंदीर हलेना, आणि शेवटी काळ्याभोर पडद्यावर एक पांढरी रेघ उघडझाप करत राहिली. सभेपुढे सादर करायला हा पुरावा अपुरा होता.

"काय झालं?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"जागा झाली," हेमचंद्र म्हणाले.

जेवताना त्यांनी उद्याचा हिशोब मांडला. पुरावा नसलेला सचिव म्हणजे मोजे न तपासता परतलेलं भरारी पथक. उद्या खंडेराव उभा राहून विचारेल, अध्यक्ष हसतील, पद जाईल, आणि किल्लीही जाईल. भानुमतीबाईंनी त्यांना न विचारता देवेशला फोन केला. तो मित्राच्या साखरपुड्यासाठी येणारच होता. पुण्याच्या गाडीने रविवारी पहाटे संभाजीनगरला उतरला आणि बॅग खांद्यावर असतानाच त्याने काळा पडदा पाहिला.

"काका, काय काढलंत तुम्ही?"

"नको असलेलं."

"कुणाला नको असलेलं?"

"त्यांना इथे कुणीच ओळखत नव्हतं."

"कीबोर्ड ओळखत होता काका," देवेश खाली बसत म्हणाला. "माऊस ओळखत होता. पडदा तर त्यांच्याच जिवावर होता."

त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून, जुन्या फायली न पुसता, लिनक्स नव्याने टाकलं, या वेळी काकांना न विचारता, गरजेपुरतं. जुनं काय वाचलंय ते चाळताना त्याच्या भुवया वर गेल्या.

"रेकॉर्डिंग शाबूत आहे. म्हणजे तेवढंच शाबूत आहे. काका, डिस्क कशाने भरत होती ते सांगू?"

"मला संशय आहेच."

"टाकीच्या झाकणाने."

"म्हणजे?"

"कॅमेरा दिवसरात्र झाकणाचं चित्रण करून इथे भरतोय. महिनाभराचं झाकण आहे हे. तुम्ही काढलेली सगळी पॅकेजेस एकत्र केली तरी एका कोपऱ्यात मावली असती. तुम्ही जागा करत होतात, त्यात झाकण येऊन बसत होतं."

भानुमतीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपावर बशी झाकण म्हणून ठेवली, आणि ते हेमचंद्रांना बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पण पुरावा वाचला होता. त्यांनी शर्ट बदलला.

पार्किंगमध्ये सतरंजी घातली होती. अध्यक्ष कारभारीसाहेब खुर्चीवर होते. काही करावं लागणार नाही या एकाच अटीवर त्यांनी अध्यक्षपद स्वीकारलं होतं आणि ती अट आजवर कसोशीने पाळली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गीताबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पुढेच बसल्या होत्या. खंडेराव मागे उभा होता. त्याच्या शेजारी कडूबा उकिडवे बसले होते आणि खंडेरावची आई बानाबाई पदर सावरून खांबाला टेकल्या होत्या. त्यांचं गाठोडं बांधून जिन्याच्या पायरीवर ठेवलेलं होतं. निकाल काय लागणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

देवेशने स्टुलावर कॉम्प्युटर मांडून चित्रण वेगाने पळवत दाखवायला सुरुवात केली. झाकण. झाकण. झाकणावर कावळा. झाकण. झाकणापाशी एक माणूस येतो, जानव्याची किल्ली काढतो, कुलूप उघडतो, आत वाकून बघतो, हात घालतो, झाकण लावून जातो.

"हे कोण?" कारभारीसाहेबांनी विचारलं.

"मी," हेमचंद्र म्हणाले. "तपासायला गेलो होतो. पुढे बघा."

पुढे झाकण. मांजर. झाकण. तोच माणूस. मांजर. तोच माणूस, दुसऱ्या शर्टात.

"परतूरकर," गीताबाई म्हणाल्या, "दर वेळी तुम्हीच दिसताय."

"मी पाणी कमी झालंय का ते बघतो."

"मग झालेलं असतं?"

"दर वेळी."

"आणि तुम्ही गेला नाहीत तेव्हा?"

"तेव्हा कळणार कसं?"

गीताबाईंनी चष्म्यावरून सभेकडे पाहिलं. इतकी वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळल्यामुळे त्यांना शांततेचा उपयोग करता येत असे. "टाकीला कुलूप आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"दुसरी?"

"दुसरी मी करू दिली नाही. संशय नको म्हणून."

सभेत कुजबुज झाली. हेमचंद्रांच्या लक्षात आलं की आपल्याकडे लोक ज्या नजरेने बघताहेत ती नजर ओळखीची आहे. ती आपलीच आहे.

"हा म्हातारा," त्यांनी बोट दाखवलं, "हा दिवसभर टाकीकडे बघत बसतो. ते विचारा ना कुणीतरी."

"बगतो की," कडूबा म्हणाले. "राखण करतो."

"कशाची?"

"टाकीची. ह्यो मानूस घटकाघटकानं येतो, हिकडंतिकडं बगतो, झाकन उघडतो, आत हात घालतो, जातो. म्या म्हनलं ह्यो चोर हाय. पोराला बी सांगितलं. पोरगं म्हनलं, आबा, गप बसा, ते सचिव हायेत. म्हनलं, आसतील. सचिव चोर नसतो व्हय?"

खंडेरावने जमिनीकडे पाहिलं.

"आमी जातो की गावाला," खांबापाशी बानाबाई म्हणाल्या. "गाठोडं बांधलंय. पर आमी गेल्यावर ह्याच्यावर ध्यान कोन ठिवील?"

हा प्रश्न अख्ख्या सभेत फक्त बानाबाईंना सुचला होता आणि एकदा विचारला गेल्यावर तो प्रत्येकाला आपलाच वाटू लागला. गीताबाईंनी ठराव मांडला. टाकीची किल्ली दिवसा कडूबा शिंगाडे यांच्याकडे राहील, सचिवांना पाणी बघायचं असेल तर त्यांनी कडूबांसमक्ष बघावं, आणि ही व्यवस्था पाऊस पडेपर्यंत चालू राहील. कडूबा आणि बानाबाई आता पाहुणे नसून सोसायटीच्या कामावर आहेत, तेव्हा त्यांना माणशी पाणी द्यावं. कारभारीसाहेबांना यात काही करावं लागत नव्हतं. त्यांनी हात वर केला. सगळ्यांनी केला.

"सचिव, लिहून घ्या," ते म्हणाले.

हेमचंद्रांनी लिहून घेतलं. जानव्याची किल्ली सोडवायला थोडा वेळ लागला. कडूबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, करगोट्याला बांधली आणि ओढून खात्री करून घेतली. बानाबाई गाठोडं उचलून जिना चढू लागल्या. दोन पायऱ्या चढून त्या थांबल्या आणि हेमचंद्रांना म्हणाल्या, "येत जा बगायला. ते काय नाय म्हननार नाईत."

"आणि तो कॅमेरा काढून टाका," गीताबाईंनी उठता उठता सांगितलं. "बघायला माणूस आहे आता. नको असलेली वस्तू कशाला ठेवायची?"

भानुमतीबाईंनी देवेशच्या हाती स्क्रू ड्रायव्हर दिला. "अजून साखरपुड्याला वेळ आहे ना? उतरवून जा, म्हणजे विषय संपला." सकाळीच टँकर येऊन गेला होता, टाकी काठोकाठ होती. मंडळी सतरंजी झाडत, रेंगाळत उभी होती. किल्ली मिळाल्यामुळे कडूबा टाकीपाशी येऊन पहिल्यांदाच जवळून राखण करत होते. हेमचंद्र थोड्या अंतरावर उभे राहिले. कडूबांची नजर त्यांच्यावर होती.

देवेशने वरचे दोन स्क्रू काढले. मग खालचा उजवा. मग मोगरा बाजूला सारून खालचा डावा.

स्क्रू निघाला, आणि त्याच्यामागून पाण्याची बारीक, सरळ, शांत धार निघाली आणि मोगऱ्याच्या मुळाशी पडू लागली. तिथली माती काळी, भुसभुशीत होती. आवारात बाकी कुठेही तशी माती नव्हती. कडूबांनी वाकून भोकावर बोट ठेवलं, धार थांबली, आणि तसंच बोट ठेवून त्यांनी मान वर करून हेमचंद्रांकडे पाहिलं.

वर्कशॉपमधून आणलेल्या ड्रिलचं बिट टाकीच्या भिंतीपेक्षा दोन बोटं लांब होतं.